मलपृष्ठावर काय छापणार?

पत्र

मी एसटीत वाहक आहे, कोकणातल्या एका डेपोत. बारावी झाले, बॅज काढला, नोकरी लागली. चित्रं काढायची सवय लहानपणापासूनची. दोन फेऱ्यांच्या मधे गाडी स्टँडला लागली की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेनाने प्रवासी काढत बसते. भाचीसाठी एक गोष्टही लिहिली आहे. पासवर शाळेत जाणारा एक मुलगा रोज गाडीत झोपतो आणि पुढच्याच गावी उतरतो, अशी. भाचीला ती फार आवडली, तेव्हापासून पुस्तक करावं असं मनात आहे. पण वाचनालयात जाऊन मुलांची पुस्तकं चाळली आणि मन खट्टू झालं. मलपृष्ठावर प्रत्येकाचा परिचय. कुणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं, कुणी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचं, कुणी परदेशात शिकून आलेलं. माझ्या फोटोखाली काय छापणार? मावसभाऊ म्हणतो, एसटीतल्या बाईचे हाल लिही, तेच खपतं. एका प्रकाशकाला फोन केला तर म्हणाला, 40,000 रुपये भरा, पुस्तक काढून देतो. आधी चित्रकलेचा कोर्स करू का? की हा नादच सोडून देऊ? तीन चित्रांचे फोटो आणि गोष्ट सोबत पाठवते आहे. नाव छापू नका.

एक वाहक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

ताई,

तुमचा मजकूर मी उलट्या क्रमाने वाचला. आधी चित्रं उघडली, मग गोष्ट, पत्र सगळ्यात शेवटी. म्हणजे तुम्ही काय काम करता हे ठाऊक नसतानाच दुसऱ्या चित्रापाशी अडकायला झालं. त्यात सगळं वरून दिसतंय. भांग, टकलं, टोपलीतल्या कोंबडीचा तुरा, दप्तरावर टेकलेली हनुवटी, वर केलेल्या तळहातावरची नाणी. पूर्ण चेहरा एकाच म्हातारीचा, कारण मान वर करून बघणारी ती एकटीच. बाकीच्यांनी नुसता हात पुढे केलाय. चित्र काढणारं माणूस उभं आहे, बाकीचे बसलेत आणि त्यांना या उभ्या माणसाची फारशी दखल नाही, एवढं रेघांवरूनच कळलं. मग पत्र वाचलं आणि कोडं सुटलं.

तुमची उभं राहायची जागा चित्रात उतरली आहे. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे, आणि कोर्स, मावसभाऊ, 40,000 या सगळ्यांचा विचार मी तिच्या मागून करणार आहे.

आधी त्या मलपृष्ठांबद्दल. तसले परिचय मी पुष्कळ लिहून घेतले आहेत, दुरुस्तही केले आहेत. पुस्तक छपाईला जायची वेळ आली की लेखकाला फोन जातो, ‘चार ओळी पाठवा ना.’ लेखक गडबडतो. पदवी लिहितो, पुरस्कार लिहितो, ‘सध्या पुण्यात वास्तव्य’ लिहितो. पदवी एका ओळीत मावते म्हणून ती छापून येते. त्या माणसाला कशाचं वेड आहे, तो कुठे उभा राहून जग बघतो, हे चार ओळींत बसत नाही आणि बऱ्याचदा त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ते परिचय वाचून तुम्ही स्वतःला मोजू नका. आणि कंडक्टर म्हटलं की कुणीतरी लगेच रजनीकांतचं नाव घेईल, तेही मनावर घेऊ नका.

भज्जू श्याम हे नाव मात्र लिहून ठेवा. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे, परधान गोंड समाजातले. घरची गरिबी होती. तरुणपणीच गाव सोडलं, अमरकंटकला झाडं लावायची मजुरी केली, मग भोपाळमध्ये रात्रपाळीचे पहारेकरी झाले, वायरिंगची कामं केली. त्यांचे काका जनगढ सिंह श्याम भोपाळमध्येच चित्रं काढत. त्यांच्या हाताखाली भज्जू रेघा भरायला बसले आणि बसता बसता चित्रकार झाले. पुढे लंडनच्या एका भारतीय हॉटेलाच्या भिंती रंगवायचं काम मिळालं आणि ते दोन महिने तिकडे राहिले. परत आल्यावर त्या शहराबद्दल चित्रांतून आणि बोलण्यातून जे सांगितलं, त्याचं चेन्नईच्या तारा बुक्सने 2004 साली ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक केलं.

त्या पुस्तकात बिग बेनचं घड्याळ आणि कोंबडा एक झालेत, कारण गावाकडे वेळ सांगण्याचं काम कोंबड्याचं. संध्याकाळ झाली की पबकडे निघणारे इंग्रज लोक म्हणजे वटवाघळं. आणि ज्या 30 नंबरच्या लाल बसने ते रोज कामाला जात, तिचा त्यांनी कुत्रा केलाय. परक्या शहरात बरोबर ठिकाणी नेऊन सोडणारी, इमानी. लंडनच्या बसची चित्रं हजारांनी निघाली असतील. तिच्यात कुत्रा दिसायला पाटणगढहून आलेला माणूस लागला. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला ती 30 नंबरची बस जास्त मोलाची वाटते, आणि तुम्हालाही वाटेल अशी अटकळ आहे.

त्याच गोंड चित्रकारांतलं आणखी एक नाव दुर्गाबाई व्याम. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती ‘डिग्ना’ नक्षी त्या लहानपणी आईकडून शिकल्या. शाळेचा संबंध जवळपास नाही. त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ची चित्रं काढली. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचं हे पुस्तक नवयान प्रकाशनाने 2011 साली काढलं. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात आणि त्यांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही, तो प्रसंग त्यात आहे. चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्याचाही आहे. कोण कुणाला गाडीत बसवून घेतं आणि कोण घेत नाही, हा विषय तुम्हाला मी काय सांगणार.

व्याम दांपत्याने त्या पुस्तकात एक हट्ट धरला. कॉमिक्सला असतात तशा काटकोनी चौकटी आखायच्या नाहीत, माणसं खोक्यात कोंडायची नाहीत. त्यांनी डिग्नाच्या वळणदार पट्ट्यांनी पानं विभागली. माणूस मायेने बोलत असेल तर त्याच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलत असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. कॉमिक्सचं रीतसर शिक्षण झालं असतं तर त्यांनी बहुधा चौकटी आखल्या असत्या आणि छानच आखल्या असत्या.

इथे तुम्ही म्हणाल, त्यांच्या पाठीशी अख्खी परंपरा होती. गोंड चित्रकला होती, भिंती होत्या, काका होते. माझ्या पाठीशी तिकिटाचं मशीन. तक्रार रास्त आहे. बिहारच्या दुलारी देवींना 2021 साली पद्मश्री मिळाली. मच्छीमार समाजातल्या, लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या या बाई. पण ज्या घरी काम करत ते घर होतं मिथिला चित्रकार महासुंदरी देवींचं. तिथे चित्रं बघितली, कर्पूरी देवींकडून शिकल्या आणि पुढे स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक केलं. दुसऱ्या एखाद्या घरी काम मिळालं असतं तर कदाचित हातात कुंचला आलाच नसता. तेव्हा ‘गरिबीतून कला आपोआप उगवते’ असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तसं होत नाही. यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी करून दाखवणारं भेटलं होतं.

पण करून दाखवणारं हे दर वेळी माणूसच असतं असं नाही. अमेरिकेतल्या केट डिकॅमिलो मिनियापोलिसमध्ये पुस्तकांच्या एका गोदामात नोकरी करत होत्या. मागणी आली की फळीवरून पुस्तकं काढून द्यायची. त्यांच्या वाट्याला मुलांच्या पुस्तकांचा मजला आला. काम करता करता त्या ती पुस्तकं वाचू लागल्या आणि आपल्याला हेच लिहायचंय हे त्यांना तिथे कळलं. फ्लोरिडाच्या उबेत वाढलेल्या, मिनियापोलिसला कडाक्याची थंडी, घरात कुत्रा पाळायला मनाई. त्या तडफडीतून कुत्र्याचीच गोष्ट लिहिली. 2000 साली ती छापून आली आणि गाजली. युयी मोरालेस मेक्सिकोतल्या. शिक्षण शारीरिक शिक्षणाचं. 1994 साली तान्ह्या मुलाला घेऊन त्या अमेरिकेत आल्या तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. सार्वजनिक वाचनालयात मुलाला घेऊन जायच्या आणि चित्रांच्या आधारे पुस्तकं वाचायच्या. चित्रकथा कशी बांधतात ते तिथे उमगलं, मग घरी कागद शिवून पुस्तकं करायला लागल्या. आज त्यांच्या नावावर मोठमोठे पुरस्कार आहेत.

मराठीत तर बाहेरचं काम सांभाळून लिहिणारेच जास्त. कृष्णात खोत शिक्षक, आसाराम लोमटे पत्रकार, दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. नारायण सुर्वे एके काळी शाळेत शिपाई होते. शिक्षकाने पुस्तक लिहिलं की कुणाची भुवई वर जात नाही, कंडक्टरने लिहिलं की जाते, एवढाच फरक. ती जाऊ दे.

मात्र जे शिकले त्यांच्याविषयी मनात अढी धरू नका. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तुमच्या वाचनालयात नक्की असतील. त्या जे. जे.त शिकल्या, पॅरिसलाही शिकल्या, रंगभूमीवर वावरल्या, गायल्या, फ्रेंच शिकवलं, बेकेटचं नाटक मराठीत आणलं. म्हणजे तुमच्या भाषेत मलपृष्ठ भरगच्च. पण ‘राधाचं घर’ उघडून बघा. आई, बाबा, आजी, आजोबा, काका. एवढं साधं घर, आणि प्रत्येकाच्या बसण्या-उठण्यात इतकं बारीक बघितलेलं की मुलं आपल्या घरातली माणसं त्यात ओळखतात. पॅरिस त्यात कुठेही मिरवत नाही. शिक्षणाने त्यांचा हात तयार झाला, पण बघणं त्यांचं स्वतःचं आहे. तुमच्याकडे बघणं आहे, हात अजून तयार व्हायचाय. तिसऱ्या चित्रातली शाळकरी मुलगी बसलीये की उभी आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून कोर्सबद्दल माझं मत असं: मोठी फी भरून, रजा टाकून आत्ता काही करू नका. हालती माणसं भराभर काढायचा सराव तुम्हाला आयता मिळतोय, तो वाढवा. पण कॅलेंडरं सोडा, एक साधी कोरी वही करा. सुटे कागद हरवतात आणि आपण किती सुधारलो हे मागे वळून बघता येत नाही. वाचनालयातून दर खेपेला एक चित्रपुस्तक आणा आणि त्याच्यापुढे तासभर बसा. पान उलटायच्या आधी काय दाखवलंय, उलटल्यावर काय, मजकूर कुठे गप्प बसलाय, हे बघा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मराठीतल्या नामवंत चित्रकारांनी त्यात चित्रं काढली आहेत. ते बघता बघताच तुमचा निम्मा कोर्स होईल. नंतरही हात अडतोय असं वाटलं तर जवळपासच्या एखाद्या चित्रकला शिक्षकाकडे सुट्टीच्या दिवशी जा, आणि ‘मला माणसाचं बसणं आणि उभं राहणं शिकवा’ असं नेमकं सांगा.

आता गोष्ट. झोपणारा मुलगा मला भारी आवडला. पण तुम्ही त्याच्यावर साडेआठशे-नऊशे शब्द घातलेत. चित्रपुस्तकाला एवढे लागत नाहीत. ‘बाहेर हिरवीगार झाडी होती, आकाशात ढग दाटून आले होते’ हे चित्रात दिसणार आहे ना? मग काढून टाका. जे चित्र दाखवू शकत नाही तेवढंच शब्दांत ठेवा. गाडीचा आवाज, मुलाच्या स्वप्नात चाललेलं काही, कंडक्टरची हाक.

आणि शेवट. ‘म्हणून मुलांनो, वेळेवर झोपावे व वेळेवर उठावे.’ ताई, हे कुणाचं बोलणं आहे? तुमचं नाही. तुमच्या गाडीतल्या कुठल्याही पोराला तुम्ही असं बोलत नसणार. शाळेच्या पुस्तकातलं कुणीतरी शेवटच्या थांब्याला गाडीत चढलंय, त्याला उतरवा. मुळात तो मुलगा पुढच्या गावी उतरतो तेव्हा तिथे त्याला काय दिसतं, हे तुम्ही दोन ओळींत उरकलंय. खरी गोष्ट तिथेच आहे. रोज चुकून त्याच गावी उतरणारा मुलगा त्या गावाला ओळखीचा झाला असेल. तिथल्या टपरीवाल्याला तो माहीत असेल. त्याला परतीच्या गाडीत कोण बसवून देतं? हे मला वाचायचंय.

दुरुस्ती झाली की डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. कागद छापखान्यात आठ, सोळा पानांच्या हिशोबाने दुमडतात, म्हणून अशी पुस्तकं बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. 24 पानांची धरा. साधे कागद दुमडून शिवा, पेन्सिलीने ओबडधोबड चित्रं काढा, मजकूर चिकटवा आणि भाचीला वाचून दाखवा. ती कुठे पान उलटायची घाई करते आणि कुठे तिचं लक्ष उडतं, तिकडे नजर ठेवा. अंतिम, रंगवलेली चित्रं कुणालाही पाठवायची घाई नको. एखाद्या प्रकाशकाला तुमची गोष्ट आवडेल आणि चित्रं दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावीशी वाटतील. तेव्हा काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. माझ्या मते या पुस्तकाला तुमचीच चित्रं हवीत, कारण गाडी त्या उंचीवरून बघणारं दुसरं कुणी नाही.

मावसभावाचं म्हणणं मला पटलेलं नाही. एसटीतल्या बाईचे हाल खरे आहेत, त्यावर लिहावंसं तुम्हाला वाटलं तर जरूर लिहा, मोठ्यांसाठी लिहा, रागाने लिहा. पण ‘तेच खपतं’ म्हणून लिहू नका. आत्ता तुम्हाला झोपाळू पोराची गोष्ट सांगायची आहे आणि तीत तुम्ही खुशीत आहात, हे ओळीओळीत दिसतंय. कष्टाचं काम करणाऱ्याने फक्त कष्टांवरच लिहावं, ही अपेक्षा मला तरी वरपांगी कौतुकाची आणि आतून तुसडी वाटते. भज्जू श्याम यांनी पहारेकरीपणाचं दुःख मांडत बसायचं, आणि लंडनवर मजेदार पुस्तक फक्त लंडनला शिकलेल्यांनी लिहायचं, असं असतं का? परिचयात मात्र ‘एसटीत वाहक’ एवढे दोन शब्द ठसठशीत येऊ द्यात. पुढे ‘संघर्ष करत’ वगैरे कुणी घातलं तर खोडून टाका.

त्या 40,000 रुपयांना स्वच्छ नकार द्या. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणं हा वेगळा धंदा आहे. त्यात प्रती खपवायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि गठ्ठे तुमच्या माळ्यावर पडतात. चित्रपुस्तकं मन लावून काढणारे प्रकाशक मराठीत मोजके आहेत, ज्योत्स्ना प्रकाशन त्यांतलं एक. ज्या प्रकाशकाची पुस्तकं तुम्हाला आवडली त्याचा पत्ता पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतो. त्याला डमीचे फोटो आणि छोटं पत्र पाठवा. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतही नाही. तोवर छोट्या गोष्टी मुलांच्या मासिकांना पाठवत राहा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015पासून कुणालाही मराठीत गोष्ट रचून टाकता येते, सरावाला ते उत्तम आहे. फक्त तिथे टाकलेलं खुल्या परवान्याखाली जातं, म्हणजे तुमचं नाव देऊन ते कुणालाही वापरता येतं, विकतासुद्धा येतं. त्यामुळे झोपाळू मुलगा तिथे टाकू नका, दुसरं काहीतरी टाका.

कुणी करारपत्र पुढे केलं तर पेन उघडण्याआधी पूर्ण वाचा. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतात. पण ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व भाषा’, ‘सर्व माध्यमे’ असे शब्द लिहिलेले असतील आणि तुमची सही असेल तर ही सोय हातची जाते. गोष्टीचे आणि चित्रांचे पैसे वेगवेगळे मागा. दोन्ही तुमचं आहे म्हणून दोन्हींसाठी मिळून एकच रक्कम घ्यायची, असं नसतं.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. नोकरीत असताना बाहेरून मानधन घ्यायला परवानगी लागते का, हे सही करण्याआधी डेपोच्या आस्थापना शाखेत विचारून घ्या. गणपतीच्या जादा गाड्यांच्या धामधुमीत जाऊ नका, तेव्हा तुमचं कुणी ऐकणार नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.